जायफळाचा करार: बांदा बेटं आणि डच ईस्ट इंडिया कंपनी, १६०२ ते १६२१

वाद मुळात खरेदीच्या एका करारावरून होता. एका बाजूला ॲमस्टरडॅमहून आलेली व्यापारी कंपनी, दुसऱ्या बाजूला आजच्या इंडोनेशियाच्या पूर्व भागातली दहाएक चिमुकली बेटं, आणि माल होता जायफळ व जायपत्री. बेटांवरच्या लोकांनी करार मोडला, अशी कंपनीची तक्रार होती. अशा तक्रारी प्रत्येक बंदरात होत आल्या आहेत. पंच बसतात, दंड भरला जातो, फार तर देणंघेणं कायमचं तुटतं. बांदा बेटांवर ती १६२१ मध्ये मिटली ती अशी: अंदाजे पंधरा हजारांच्या वस्तीतले जेमतेम हजारभर लोक बेटांवर उरले आणि सगळी जमीन कंपनीची झाली.

युरोपीय कंपनी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इंग्रजांची कंपनी येते. सुरतेची वखार, प्लासी, बंगालची दिवाणी आणि शेवटी पेशवाईचा अस्त, असा तो दोनशे वर्षांचा पट आहे. इतक्या लांबलचक काळात व्यापारी नेमका कुठे राज्यकर्ता झाला, ते बोट ठेवून दाखवणं कठीण जातं. बांद्यात तोच प्रवास वीस वर्षांत झाला. प्रत्येक टप्प्याचा कागद उरला आहे, आणि बहुतेक कागद खुद्द कंपनीचेच आहेत. म्हणून मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं. गव्हर्नर जनरल यान पीटरझून कून याच्या क्रौर्यावर सगळा भार टाकून ते सांगितलं जातं. कून क्रूर होता यात शंका नाही. पण ज्या यंत्रणेने त्याला वर आणलं, त्याच्या हाती सैन्य आणि न्यायासन एकत्र दिलं, त्या यंत्रणेकडे पाहिल्याशिवाय हे प्रकरण उलगडत नाही.

सनद

२० मार्च १६०२ रोजी नेदरलँड्सच्या स्टेट्स जनरल या सभेने कंपनीला सनद दिली. त्याआधी निरनिराळ्या डच शहरांतल्या व्यापारी मंडळ्या आपापली जहाजं पूर्वेकडे धाडत होत्या. बाजारात त्या एकमेकींवर चढाओढ करत, त्यामुळे पूर्वेत मसाल्याचा भाव चढे आणि मायदेशी माल एकदम येऊन पडला की उतरे. त्यात स्पेनशी युद्ध चालू होतं आणि पोर्तुगालही तेव्हा स्पेनच्याच राजाकडे होतं. पूर्वेच्या समुद्रात पोर्तुगीजांना धक्का देणं हे व्यापाराइतकंच युद्धाचंही काम होतं. या सगळ्या मंडळ्या एकत्र करून एकच कंपनी उभी राहिली. तिची सहा शहरांत सहा दालनं होती, वर सतरा संचालकांचं मंडळ होतं आणि भांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर जमलं. ॲमस्टरडॅमच्या दालनात अकराशेहून जास्त लोकांनी पैसे घातले. नोंदवही डिर्क फान ऑस या संचालकाच्या घरी ठेवली होती आणि त्याच्या घरच्या मोलकरणीनेही १०० गिल्डर लावले होते.

केप ऑफ गुड होपच्या पूर्वेला आणि मॅगेलनच्या सामुद्रधुनीच्या पश्चिमेला २१ वर्षं दुसऱ्या कोणत्याही डच माणसाने व्यापार करायचा नाही, हा सनदेचा गाभा. त्या टापूत कंपनीने स्टेट्स जनरलच्या नावाने राजांशी तह करावेत, किल्ले बांधावेत, शिबंदी ठेवावी, गव्हर्नर आणि न्यायाधिकारी नेमावेत, अशीही मुभा होती.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. हा मक्ता डच प्रजेपुरता होता. जावा, मकासर, गुजरात किंवा खुद्द बांदा इथल्या व्यापाऱ्याने कुणाला काय विकावं, हे सांगण्याचा स्टेट्स जनरलला काहीही अधिकार नव्हता. कागदावरचा मक्ता प्रत्यक्षात आणायचा तर या आशियाई व्यापाऱ्यांना बाजूला सारावं लागणार होतं. त्यासाठी दोनच साधनं होती, तह आणि तोफा, आणि दोन्हींची परवानगी त्याच सनदेत होती.

पैशाची बाजूही तशीच होती. दहा वर्षांनी हिशेब करून भागधारकांना आपलं भांडवल काढून घेता येईल, असं सनदेत म्हटलं होतं. पण कंपनीचा पैसा लढाऊ जहाजांत आणि किल्ल्यांत अडकत गेला. जहाजभर मिरी विकून पैसे मोकळे होतात, समुद्रापलीकडच्या बुरुजात घातलेले होत नाहीत. १६१० मध्ये पहिला लाभांश वाटायची वेळ आली तेव्हा भागधारकांना रोख रकमेऐवजी भांडवलाच्या ७५ टक्के मोलाची जायपत्री देऊ केली गेली. १६१२ चा हिशेब तर झालाच नाही; कंपनीने सरकारकडून ती अट टाळून घेतली. भांडवल कायमचं कंपनीत राहिलं. आता ते किल्ले वसूल व्हायला हवे होते, आणि वसुलीची वाट भाव पाडून खरेदी करण्यातून आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाकलण्यातून जात होती.

करार का टिकला नाही

जायफळाचं झाड आज आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नारळी-पोफळीच्या बागांतही दिसतं. सतराव्या शतकाच्या आरंभी जगाच्या बाजारात जाणारं जायफळ मात्र फक्त बांदा बेटांवरून येत होतं. लोंथोर हे सगळ्यांत मोठं बेट. त्याच्यासमोर नेरा आणि गुनुंग आपी हा ज्वालामुखी. थोड्या अंतरावर आय आणि रन. इथे राजा नव्हता. ओरांग काया म्हणवणारे सधन, वजनदार लोक गावोगावचा कारभार आणि व्यापार पाहत. गावांची आपसांत युती होती तशी वैरंही होती.

या बेटांवर जायफळ मुबलक आणि अन्न तुटपुंजं, हे प्रकरणाचं मर्म आहे. तांदूळ जावा आणि मकासरहून येई, साबुदाणा सेराम, केई आणि आरू या शेजारच्या बेटांवरून. कापड गुजरातचं आणि कोरोमंडल किनाऱ्याचं. पिढ्यान् पिढ्या जावानी आणि मलय तारवं तांदूळ-कापड घेऊन येत आणि जायफळ-जायपत्री भरून परत जात. बांद्याच्या माणसाला जायफळ विकणं म्हणजे वर्षाचं धान्य भरणं होतं.

१५९९ मध्ये पहिली डच जहाजं इथे आली तेव्हा तीही या बाजारात आणखी एक गिऱ्हाईक म्हणूनच उतरली आणि त्यांचं स्वागत झालं. १६०२ मध्ये वोल्फर्ट हार्मन्स याने काही ओरांग कायांकडून करारावर संमती घेतली: यापुढे मसाला फक्त डचांना विकायचा. सगळ्या गावांनी तो मान्य केला नव्हता, आणि राजाच नसल्यामुळे काही प्रमुखांची संमती सगळ्या बेटांवर बंधनकारक ठरेल असा कुणी माणूसही तिथे नव्हता. ज्यांनी होकार दिला त्यांनी तरी काय समजून दिला असेल? जुन्या ओळखीचे व्यापारी येत राहतील, हे नवे लोकही घेतील, आणि शस्त्रधारी जहाजाला तोंडावर नकार देणं बरं नाही, असा व्यवहारी विचार त्यामागे असावा असं मला वाटतं.

डचांनी आणलेला माल म्हणजे लोकर, मखमल आणि असलंच जाडं कापड. विषुववृत्ताजवळच्या दमट बेटावर त्याचा उपयोग काय? तांदूळ ते पुरेसा आणत नव्हते, जायफळाचा भाव कमी देत होते, आणि जहाजं आपल्या सोयीने येत. करार अक्षरशः पाळायचा तर बांद्याच्या लोकांनी उपाशी राहायला हवं होतं. त्यांनी तो पाळला नाही. जावानी, मलय आणि पुढे इंग्रज व्यापाऱ्यांना ते माल विकत राहिले. कंपनीच्या कागदांत या विक्रीसाठी दगाबाजी, विश्वासघात असे शब्द येतात, आणि पुढचं सगळं त्या शब्दांवर उभं राहिलं.

ही कोंडी कंपनीतल्या लोकांनाही दिसत होती. स्टेवेन फान डेर हाखेन आणि गव्हर्नर जनरल लॉरेन्स रेआल हे पूर्वेत वर्षानुवर्षं काढलेले अधिकारी होते. लोकांचा अन्नाचा आणि उपजीविकेचा व्यापार तोडणं अन्यायाचं आहे, जुन्या व्यापाऱ्यांना येऊ द्यावं, भाव बरा द्यावा, अशी त्यांची भूमिका होती आणि ती संचालकांपर्यंत पोचलीही होती. म्हणजे दुसरा मार्ग माहीत नव्हता असं नाही. संचालकांनी मात्र कूनची बाजू उचलली, आणि रेआल पायउतार झाल्यावर गव्हर्नर जनरलपद कूनकडे गेलं. या निवडीला मी कूनच्या स्वभावापेक्षा जास्त महत्त्व देतो.

किल्ला

१६०९ मध्ये पीटर व्हेरहूफ मोठा काफिला घेऊन नेरा बेटावर उतरला आणि पोर्तुगीजांनी पूर्वी घातलेल्या पायावर त्याने नासाउ किल्ला बांधायला घेतला. विक्रीच्या करारात किल्ल्याला जागा कुठून आली, हे बेटावरच्या लोकांना विचारायची गरज नव्हती; त्यांनी ते ओळखलं. बोलणीसाठी म्हणून त्यांनी व्हेरहूफला बोलावलं आणि २२ मे रोजी त्याला व त्याच्या चाळीसहून अधिक माणसांना दबा धरून मारलं. काफिल्यातल्या उरलेल्यांत एक तरुण दुय्यम व्यापारी होता, यान पीटरझून कून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तह होऊन नेरा बेट कंपनीकडे गेलं. युरोपबाहेर व्यापारी कंपनीने जिंकून स्वतःकडे ठेवलेल्या सुरुवातीच्या भूभागांपैकी हा एक.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो इशारा आहे तो इथे आठवतो. इतर सावकारांसारखे हे सावकार नव्हेत, यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, समुद्रकिनारी यांना वखारीसाठी जागा देऊ नये, दिली तर आत, सखल ठिकाणी द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, असा त्याचा आशय. अमात्यांनी हे अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलं ते कोकण किनाऱ्यावरच्या अनुभवावरून. वेंगुर्ल्याला डचांची वखार १६३७ पासून होती. बांद्याची हकिकत त्यांच्या कानावर असण्याचं कारण नाही, तरी त्यांचं निदान शंभर वर्षांपूर्वीच्या नेरा बेटाला तंतोतंत लागू पडतं.

पुढची काही वर्षं मी भराभर सांगतो. इंग्रजांनी आय आणि रन बेटांवर पाय रोवला. १६१५ मध्ये आय बेटावर डचांनी चढाई केली ती फसली, १६१६ मध्ये यशस्वी झाली. रन बेट नॅथनियल कोर्टहोप या इंग्रजाने मूठभर माणसांसह जवळपास चार वर्षं लढवलं आणि १६२० मध्ये तो मारला गेला. १६१९ मध्ये लंडनला दोन्ही कंपन्यांनी समेट करून मसाल्याचा एक तृतीयांश वाटा इंग्रजांना ठरवला. इकडे कूनने त्याच वर्षी जाकार्ता जाळून तिथे बटाव्हिया वसवलं. या वाटणीत बांद्याच्या लोकांना कुणी विचारलं नाही, हे सांगायलाच नको.

कूनचा विचार त्याने स्वतः लिहून ठेवला आहे. १६१४ मध्ये संचालकांना धाडलेल्या पत्रात त्याने म्हटलं होतं की व्यापार युद्धावाचून चालत नाही आणि युद्ध व्यापारावाचून. संचालकांच्या बाजूनेही बांदा जिंकावं, प्रमुखांना नाहीसं करावं किंवा हाकलून द्यावं आणि बेटांवर दुसरी माणसं वसवावीत, ही कल्पना मोहिमेच्या कितीतरी आधी लिहिली गेली होती.

१६२१

फेब्रुवारी १६२१ मध्ये कून स्वतः नासाउ किल्ल्यावर पोचला. बरोबर तेरा मोठी जहाजं आणि बऱ्याच लहान होड्या, सोळाशेहून अधिक युरोपीय सैनिक, जावानी कैदी आणि काही जपानी भाडोत्री तलवारबाज. ११ मार्चला लोंथोरवर अनेक ठिकाणांहून एकाच वेळी चढाई झाली आणि एक-दोन दिवसांत बेटाच्या मोक्याच्या जागा हाती आल्या. ओरांग काया शरण आले. शस्त्रं जमा करायची, तट पाडायचे, मुलं ओलीस द्यायची, कंपनीचं राज्य मान्य करायचं, आणि जायफळ तिलाच द्यायचं, अशा अटी ठरल्या.

जमा झालेली शस्त्रं कमी आहेत, लोक डोंगरात पळताहेत, असा कंपनीचा आरोप लवकरच सुरू झाला. सेलामोन गावी नवा गव्हर्नर मार्टिनस सोंक याने मशिदीतच मुक्काम ठोकला होता. २१ एप्रिलच्या रात्री तिथे टांगलेला दिवा निखळून पडला. अंधारात एकच धांदल उडाली आणि हल्ल्याचा इशारा झाला असं सैनिकांनी गृहीत धरलं. त्यानंतर कट असल्याची खात्री धरूनच सगळं चाललं. ओलीस ठेवलेल्या ओरांग कायांचा छळ करून कबुलीजबाब घेण्यात आले.

८ मे रोजी नासाउ किल्ल्याबाहेर बांबूच्या कुंपणात ४४ ओरांग काया आणले गेले. सूत्रधार ठरवलेल्या आठ जणांना आधी मारलं, मग उरलेल्या ३६ जणांना. वार करणारे सहा जपानी तलवारबाज होते. हजर असलेला निकोलास फान वार्ट हा डच अधिकारी लिहितो की न्याय कुणाच्या बाजूला होता ते देव जाणे, आणि असला व्यवहार आम्हाला मुळीच गोड वाटला नाही.

इथे कोण काय होतं ते एकदा ओळीने पाहावं. मसाल्याचं एकमेव अधिकृत गिऱ्हाईक कंपनी होती. करारभंगाची फिर्याद तिची. पुरावा तिच्या कैदेत छळ करून काढलेला. निवाडा कून आणि त्याच्या सल्लागार मंडळाचा. तलवारी तिच्या पगारावरच्या. मेलेल्यांच्या बागा मिळणार होत्या तिलाच. अन्यायी राजे सगळीकडे झाले, पण राजाला निदान आपली रयत जिवंत हवी असते, कारण सारा तीच भरते. बांद्याच्या माणसाकडून कंपनीला काही हवं नव्हतं. तिला झाडं हवी होती, आणि झाडांची निगा दुसऱ्या कुणाकडूनही करून घेता येत होती.

पुढचे महिने डोंगरातल्या लोकांचा पाठलाग चालला. कित्येक लढताना मेले, त्याहून जास्त भूक आणि रोगराईने. काहींनी कड्यांवरून उड्या टाकल्या. ७८९ जणांना जहाजात घालून बटाव्हियाला नेलं. काही होड्यांतून केई बेटांकडे निसटले. तिथे बांदा एली आणि बांदा एलात या गावांत त्यांचे वंशज आजही राहतात आणि बांद्याची जुनी भाषा बोलतात. खुद्द बांदा बेटांवर ती भाषा आता ऐकू येत नाही.

बागा, हिशेब आणि संचालक

मोकळ्या झालेल्या बागांचे कंपनीने ६८ भाग पाडले: लोंथोरवर ३४, आय बेटावर ३१, नेरावर ३. या भागांना पर्क म्हणत. ते कंपनीच्या जुन्या सैनिकांना आणि नोकरांना कसायला दिले गेले. प्रत्येक पर्कमागे २५ गुलाम, असं मान धरलं होतं. हे गुलाम आशियाच्या निरनिराळ्या किनाऱ्यांवरून आणले, त्यांत बंगालच्या उपसागराकाठचेही होते. झाडाची लागवड, फळ उतरवणं, जायपत्री सोलून सुकवणं हे नव्यांना ठाऊक नव्हतं. ते शिकवायला वाचलेल्या बांदावासीयांनाच ठेवलं गेलं, तेही गुलाम म्हणून. तांदूळ कंपनीने आणायचा, जायफळ कंपनीने घ्यायचं, भाव कंपनीने ठरवायचा.

संचालकांनी काय केलं? हत्यांबद्दल कूनला पत्रातून सौम्य नापसंती कळवली आणि ३,००० गिल्डर बक्षीस दिलं. टीका झाली ती आतल्याच काही लोकांकडून. जवळच्या अंबोन बेटाचा कारभार पाहिलेला आर्ट खायसेल्स याने लिहिलं की आपण जसं इतकी वर्षं आपल्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढतो आहोत, तसेच हे लोक त्यांच्या भूमीसाठी लढले. स्पेनच्या राजाविरुद्ध अर्धशतक झगडणाऱ्या देशाला ही तुलना झोंबणारी होती, पण सनदेचं एकही कलम तिने बदललं नाही. १६२३ मध्ये सनदेला मुदतवाढ मिळाली.

१६६७ च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी रन बेटावरचा दावा सोडला आणि उत्तर अमेरिकेतली डच वसाहत, मॅनहॅटनसह, इंग्रजांकडे राहिली. या अदलाबदलीचा किस्सा लोक मोठ्या चवीने सांगतात. रन बेटावरची जायफळाची झाडं डचांनी त्याआधीच तोडून टाकली होती, ते मात्र सहसा सांगितलं जात नाही.

मक्ता मोडायला दीडशेहून जास्त वर्षं गेली. अठराव्या शतकात फ्रेंचांनी चोरून मॉरिशसला रोपं नेली. १७९६ मध्ये ब्रिटिशांनी बांदा घेतलं आणि तिथली रोपं पेनांगला व इतरत्र लावली. त्या सुमारास डच कंपनी कर्जात बुडाली होती. सरकारने ती ताब्यात घेतली आणि ३१ डिसेंबर १७९९ रोजी सनद संपली. कंपनीची कर्जं डच सरकारकडे गेली तसे तिचे मुलूखही. बांद्याचे पर्क आणि त्यांवर राबणारी माणसं त्यातच आली. डच ईस्ट इंडीजमधली गुलामगिरी कायद्याने संपली १ जानेवारी १८६० रोजी, आणि त्या वेळी सरकारने नुकसानभरपाई दिली ती गुलामांच्या मालकांना.